शिबिराच्या रात्री दिवा किती?

माहुल परिसरातील मुलांना आकाशदर्शनासाठी न्यायचे ठरवले, की पहिली अडचण ताऱ्यांची नसते, काळोखाची असते. चेंबूरच्या दक्षिणेला खाडीच्या काठाने पसरलेल्या या भागात दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि जवळच तुर्भ्याचे वीजकेंद्र आहे. कारखान्याच्या आवारात रात्रभर दिवे लागतात. जादा वायू साठून धोका होऊ नये म्हणून तो उंच नळकांड्याच्या टोकाशी जाळावा लागतो. ती ज्योतही दुरून दिसते. पावसाळ्यात ढग खाली उतरले की हा सगळा उजेड त्यांच्यावर पडून परत खाली येतो. आमच्या एका कार्यक्रमात सातवीतील एका मुलीने रात्रीचे आकाश नारिंगी रंगाने रंगवले होते. शेजारची मुले हसली. पण तिने रोज जे पाहिले तेच कागदावर उतरवले होते.

आम्ही काही संशोधक मित्र गेली काही वर्षे या भागातील शाळांच्या मुलांना वर्षातून एकदा रात्रीच्या शिबिराला नेतो. कुर्ल्याहून कर्जतची गाडी धरायची, पुढे टेम्पो किंवा एस. टी., आणि एखाद्या शेतावर तंबू ठोकायचे, असा आमचा साधा बेत असतो. याच मार्गावरील वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वर्षानुवर्षे होत आले आहेत, त्यामुळे मुंबईकर आकाशप्रेमींना ही वाट परिचयाची आहे. अशा एका शिबिरात एका दिव्याने जे केले ते सांगून मग त्यामागच्या विज्ञानाकडे वळू या.

दिवस होता १३ जानेवारी २०२४, शनिवार. अमावास्या दोनच दिवसांपूर्वी होऊन गेली होती. बारीक चंद्रकोर लवकर मावळली. अडतीस विद्यार्थी आणि चार शिक्षक होते. जेवणे उरकून पावणेनऊला आम्ही सर्व दिवे मालवले. पहिली दहा मिनिटे मुलांची कुजबुज चालू होती. मग हळूहळू 'सर, इथेपण आहे', 'इथेपण आहे' असे आवाज येऊ लागले. साडेनऊच्या सुमारास आम्ही देवयानी दीर्घिका दाखवायला घेतली. नुसत्या डोळ्यांना ती धुरकट डागासारखी दिसते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तो प्रकाश. एकेका मुलाजवळ उभे राहून, त्याच्या नजरेच्या रेषेत हात धरून ती दाखवावी लागते. अकरा-बारा मुलांना ती सापडली असेल-नसेल, तोच शेताच्या मालकांनी खांबावरचा झोतदिवा लावला.

या दिव्याला गावोगावी अजून 'हॅलोजन' म्हणतात, जरी आत आता एलईडी असतात. मालकांचा हेतू चांगला होता. शहरातील पोरे काळोखात घाबरतील, साप-विंचू असतो, म्हणून त्यांनी न सांगता ही सोय केली. दिवा मालवून घेण्यात पंधरा मिनिटे गेली, कारण बटण कुलूपबंद खोलीत होते. तेवढ्यात चहा आणायला स्वयंपाकघराकडे निघालेल्या एका शिक्षिका झोताच्या कडेला, आंब्याच्या सावलीत, बांधावरून घसरल्या आणि त्यांचा पाय मुरगळला. सुरक्षिततेसाठी लावलेल्या दिव्याने त्या रात्रीचा एकमेव अपघात घडवला. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाउजेडी त्यांच्याशी बोलून घेणे आमचे काम होते. ते आम्ही केले नव्हते.

डोळ्याला अंधार का शिकावा लागतो

दिवा मालवला की डोळा दोन मार्गांनी अंधाराशी जुळवून घेतो. पहिला मार्ग झटपट आहे. बाहुली मोठी होते. दोन मिलिमीटर व्यासाची बाहुली तरुण डोळ्यात सात मिलिमीटरपर्यंत फाकते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सुमारे बारा पट प्रकाश आत येतो. पण भर दुपारी जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो आणि चंद्र नसलेल्या रात्री एक लक्सचा हजारावा भाग. हे अंतर बारा पटींनी भरून निघणारे नाही.

खरे काम दृष्टिपटलावर होते. तेथे दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी आहेत. शंकुपेशी सुमारे साठ लाख; त्यांना रंग आणि बारकावे कळतात, पण भरपूर प्रकाश लागतो. दंडपेशी त्यांच्या पंधरा-वीस पट. त्यांना रंग कळत नाहीत, मात्र अत्यंत मंद प्रकाश जाणवतो. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. प्रकाश पडला की ते फिके पडते आणि अंधारात पुन्हा तयार होते. त्याचा एक घटक अ जीवनसत्त्वापासून मिळतो. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. त्याचे कारण हेच.

शंकुपेशी सात ते दहा मिनिटांत अंधाराला सरावतात. दंडपेशींना वीस ते तीस मिनिटे, आणि पूर्ण सरावायला कधी चाळीसही लागतात. म्हणजे शिबिरात 'पाच मिनिटे दिवे बंद ठेवा' असे सांगून काही साधत नाही. उलट मिळवलेला हा सराव गमवायला प्रखर दिव्याकडे काही सेकंद पाहणे पुरते. त्या रात्री पंधरा मिनिटांच्या झोताने आमची पाऊण तासाहून अधिक वेळेची दृष्टी नेली. डोळे पुन्हा सरावेपर्यंत पावणेअकरा वाजले. तोवर देवयानी वायव्येला खाली उतरून कल्याण-मुंबईच्या उजेडाच्या पट्ट्यात शिरली होती. उरलेल्या सव्वीस-सत्तावीस मुलांना ती दिसली नाही. ज्या उजेडापासून त्यांना दूर आणले, त्याच उजेडात ती बुडाली.

येथे एक प्रयोग सुचवावासा वाटतो, कारण त्याला काहीच साहित्य लागत नाही. अंधाराला सरावलेल्या विद्यार्थ्यांना एक डोळा तळहाताने नीट झाकायला सांगावा आणि दुसऱ्यापुढे क्षणभर विजेरी पेटवावी. विजेरी बंद करून आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी आकाश पाहावे. झाकलेल्या डोळ्याला तारे तसेच दिसतात, दुसऱ्याला आकाश कोरे दिसते. प्रत्येक डोळ्याचे दृष्टिपटल स्वतंत्रपणे सरावते हे मुलांना असे पाहून जितके पटते तितके फळ्यावर पटत नाही. दुसरी गंमत तिरक्या नजरेची. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूशी दंडपेशी नसतात. म्हणून अंधुक दीर्घिका तिच्याकडे रोखून पाहिल्यास नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिल्यास दिसते.

झोताच्या कडेचा खड्डा

आता मुरगळलेल्या पायाकडे वळू. शिक्षिकाबाईंना समोरचा बांध का दिसला नाही? अंधार होता म्हणून, असे उत्तर चटकन येते. पण तोच बांध त्यांनी दहा मिनिटे आधी ताऱ्यांच्या उजेडात सहज ओलांडला होता.

डोळ्यात शिरणारा प्रखर प्रकाश सगळा एका बिंदूवर एकवटत नाही. त्याचा काही भाग नेत्रपटल आणि भिंग यांत विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक फिकट पडदा पसरतो. अंधुक वस्तूचा उठाव त्या पडद्याखाली बुडतो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांमागचा पादचारी दिसत नाही तो याच कारणाने. वय वाढते तसे भिंग गढुळते आणि हा पडदा अधिक दाट होतो. म्हणून शिबिरात शिक्षकांना झोतदिव्याचा त्रास विद्यार्थ्यांहून जास्त होतो. यात भर म्हणजे एकाच प्रखर दिव्याच्या सावल्या कडक असतात. उजळलेल्या जमिनीला सरावलेल्या डोळ्याला आंब्याखालची सावली विहिरीसारखी काळी दिसते.

चालायला मुळात प्रकाश लागतो तरी किती? पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असतानाही जमिनीवर पाव लक्सच्या आसपासच प्रकाश पडतो. तेवढ्यात आपले पणजोबा रात्री बैलगाड्या हाकत आणि मळणीही करत. थोडे गणित करू. झोतदिवा सहा मीटर उंचीवर आहे आणि विजेरी जमिनीपासून एक मीटरवर, खाली रोखलेली. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून पायाखाली तेवढाच उजेड पाडायला विजेरीला त्या दिशेने छत्तिसावा हिस्सा प्रकाश टाकला तरी पुरतो. जुनी दोन सेलांची विजेरी म्हणूनच भागवत असे. आता कपाळावर बांधायच्या विजेऱ्या दोनशे, चारशे ल्युमेनच्या मिळतात, आणि त्या जिकडे मान वळेल तिकडे रोखल्या जातात. बोलणाऱ्याने नाव घेऊन हाक मारली की दुसरा वळतो आणि पहिल्याचे डोळे दिपवतो. शिबिरातील निम्मी भांडणे या विजेऱ्यांवरून होतात असे आमचे मत आहे. तीच विजेरी कपाळावरून काढून हातात, कमरेखाली धरली की प्रश्न मिटतो. शिवाय खडबडीत जमिनीवर खालून तिरका पडलेला प्रकाश दगडा-खड्ड्यांच्या सावल्या लांब पाडतो, त्यामुळे ते अधिक स्पष्ट दिसतात.

माहुलच्या कोळीवाड्यातील एका वयस्क मच्छीमारांशी याबद्दल बोलणे निघाले तेव्हा त्यांना त्यात नवे काही वाटले नाही. बत्ती डोळ्यांपुढे धरली तर पाणी दिसत नाही, म्हणून ती पायाशी ठेवायची, हे त्यांना लहानपणीच शिकवले गेले होते.

साप-विंचवाची भीती मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. कोकणात फुरसे असते, घोणस असते. गवतातून चालताना विजेरी लावलीच पाहिजे, पायांत बूट हवेत, तंबूबाहेर काढलेले बूट घालण्यापूर्वी झटकले पाहिजेत. पण खांबावरचा दिवा साप पळवतो ही समजूत चुकीची आहे. दिव्याभोवती कीटक जमतात, कीटकांमागे बेडूक आणि पाली येतात, आणि त्यांच्यामागे साप. रात्रभर पेटलेला दिवा तंबूंजवळ एक खाणावळच उघडतो.

कीटक दिव्याभोवती का घिरट्या घालतात याचे चांगले उत्तर नुकतेच मिळाले. ते दिव्याला चंद्र समजतात असे आपण शिकत-शिकवत आलो. २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपले होते. त्यात दिसले, की उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे करतात. निसर्गात रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की आपोआप 'वर' कुठे ते कळते. दिवा बाजूला असला की कीटक त्याच्याकडे पाठ करून कलतो, वळतो, पुन्हा कलतो, आणि अडकून पडतो. तो दिव्याकडे ओढला जात नाही. त्याला वर-खाली कळेनासे होते.

काजव्यांचे नुकसान वेगळ्या तऱ्हेचे आहे. मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे पाहायला मोठी गर्दी होते. काजव्याची उघडझाप हे जोडीदारासाठीचे संकेत असतात. मोटारीच्या दिव्यांत ते संकेत बुडाले की जोडीदार सापडत नाही, आणि प्रौढ काजव्याला त्यासाठी मिळतात मोजके दिवस. काजवे पाहायला जाऊन त्यांच्यावरच विजेरी रोखणारा पर्यटक आम्ही अनेकदा पाहिला आहे. त्याला काजवा दिसत नाही, तपकिरी किडा दिसतो. काजव्याला तर काहीच दिसत नाही.

पुढच्या वर्षीचा तळ

२५ जानेवारी २०२५ ला आम्ही त्याच शेतावर पुन्हा गेलो. या वेळी दुपारी तीनलाच पोहोचलो आणि पहिला तास मालकांबरोबर दिवे पाहत हिंडलो. झोतदिव्याचे बटण खोलीबाहेर घेतले होते. अडचण आलीच तर तो कोणालाही लावता यावा, पण विचारल्याशिवाय कोणी लावू नये, असे ठरले. दिव्याचे तोंड आडवे होते ते सरळ खाली वळवले आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला टोपी केली. क्षितिजाच्या जरा वर जाणारा प्रकाश हवेच्या थरांतून सर्वात लांब प्रवास करतो आणि वाटेत विखुरत राहतो. आकाश उजळवण्यात तो सर्वात पटाईत. टोपीने तोच नेमका अडतो. आतील दिवा पांढराशुभ्र होता. तोही बदलून पिवळसर लावला. कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळे दिसते त्याच नियमाने, आणि दंडपेशींना तोच अधिक झोंबतो.

तंबूंपासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर दर चार पावलांवर चुन्याने रंगवलेले दगड मांडले. ताऱ्यांच्या उजेडात पांढरा दगड छान दिसतो आणि त्याला वीज लागत नाही. बांधाच्या कडेला, जेथे बाई पडल्या होत्या, एक मंद दिवा उपड्या डब्यात ठेवून खालच्या बाजूने फट ठेवली. स्वच्छतागृहात दिवा आतच, दार लोटलेले.

मुलांच्या विजेऱ्यांना लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबराने बांधले. दंडपेशी सुमारे ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वात संवेदनशील असतात आणि ६४० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ आंधळ्या. लाल प्रकाशात शंकुपेशींना नकाशा वाचता येतो आणि दंडपेशींचा सराव टिकतो. मात्र लाल म्हणजे निर्धोक असे नाही. प्रखर लाल दिवाही सराव मोडतो. नकाशा जेमतेम वाचता येईल इतकाच तो हवा. आणि एक फजिती सांगायला हवी. एका शिक्षकांनी मुलांसाठी नकाशावर नक्षत्रांची नावे लाल शाईने लिहून आणली होती. लाल उजेडात ती सगळी गायब! पांढऱ्या कागदावरील लाल शाई लाल प्रकाशात कागदाइतकीच उजळ दिसते. या फजितीवर पाऊण तास छान पाठ झाला. चालण्यासाठी मात्र आम्ही लाल दिवा सुचवत नाही. त्यात वाळक्या पानांतला तपकिरी साप ओळखणे कठीण. तिथे मंद पिवळा, जमिनीकडे रोखलेला दिवाच बरा.

सर्वात त्रास वाहनांचा झाला. मोटारीचे दार उघडले की आतला दिवा लागतो. तो आधीच बंद करून ठेवावा लागतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंदच करता येत नाही. रस्त्यावर हा नियम योग्य आहे. तळावर मात्र रात्री उशिरा येणाऱ्या दुचाकीस्वाराला फाटकाशी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणावी लागते. आमच्यातील एकाला ती ढकलावी लागली, आणि त्याने त्याबद्दलचे आपले मत मोकळेपणाने सांगितले. भ्रमणध्वनी आम्ही एका पिशवीत जमा केले. मुलांपेक्षा शिक्षकांकडून ते मिळवणे अवघड गेले.

मोठ्या प्रमाणावर हेच आपल्या राज्यात घडलेले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या भोवतालच्या गावांतील शंभराहून अधिक रस्त्यावरचे आणि सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले गेले. गावे काळोखात गेली नाहीत. लडाखमध्ये हानले येथील वेधशाळेभोवतीच्या प्रदेशातही दिव्यांना पडदे, मंद प्रकाश आणि वाहनांच्या दिव्यांवर बंधने आहेत.

त्या रात्री साडेआठला अडतीस नव्हे, एकेचाळीस मुलांना देवयानी दाखवायची होती. दहापर्यंत सर्वांना सापडली. दोघांना चष्मा लागत असावा असेही त्यातून कळले. मग मृग नक्षत्राच्या चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते प्रत्येकाने मोजले. हीच मोजणी मुलांनी आठवडाभर आधी माहुलच्या गच्चीवरून केली होती. तिथे पट्ट्यातले तीन तारे सोडले तर क्वचितच कोणाला एखादा जास्त मिळाला होता. तळावर आकडा दहाच्या पुढे गेला. ही मोजणी कोणत्याही शाळेला जानेवारी ते मार्च या काळात, चंद्र नसताना, करता येईल. गच्ची, मैदान आणि गाव अशा तीन ठिकाणची केली तर वर्गात लावायला चांगला तक्ता होईल.

मोजणी चालू असताना नारिंगी आकाश रंगवणारी ती मुलगी, जी आता आठवीत आहे, वायव्येकडे बोट दाखवून म्हणाली, 'सर, तिकडे काहीतरी पेटलंय का?' आम्ही तिला सांगितले, की त्या बाजूला कल्याण, आणि त्याच्या पलीकडे आपले घर. तिने थोडा वेळ तिकडे पाहिले आणि विचारले, की आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या दिव्याला पत्र्याची टोपी बसवायला किती खर्च येईल. मालकांनी शेडमधून उरलेला पत्रा काढून दिला.